घागरभर तूप

दादाच्या फोन नंबरवर दर महिन्याला पैसे भरायचं काम माझ्याकडे आहे. मुदत संपत आली की कंपनीचा निरोप माझ्या फोनवर येतो, पण त्याच्या आधी आईचा येतो. स्वयंपाकघरातून ती विचारते, "त्याचा नंबर भरलास का रे?" मी "हां, भरला" म्हणतो. मग ती चष्मा लावून स्वतःच्या फोनवरून एकदा तो नंबर लावते आणि पलीकडची बाई हिंदीत सांगते की हा नंबर अभी बंद है. आई एवढं ऐकून फोन ठेवते. "अभी म्हणते," ती एकदा मला म्हणाली होती, "नाहीच असं नाही म्हणत." त्या बाईवर आईचा जेवढा विश्वास आहे तेवढा घरातल्या कुणावर नाही.

तेरा वर्षांपूर्वी दादा पुण्याच्या गाडीतून इटारसीला उतरला, तो परत चढला नाही. पुण्यात त्याला नोकरी लागली होती. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना "बॅगेकडे जरा बघा, पाणी घेऊन येतो" असं सांगून गेला. बॅग पुण्याला पोचली. फोन संध्याकाळपर्यंत वाजत होता, मग बंद झाला. बाबा आणि मी इटारसीला जाऊन आलो, पोलीस ठाण्यात बसलो, दवाखाने पालथे घातले, जिथे आपला माणूस सापडू नये अशा खोल्यांमध्येही डोकावून आलो. काही नाही. घरात भांडण नव्हतं, प्रेमाची भानगड नव्हती, कुणाचं देणं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, असं मला कितीदा वाटलंय. निदान कुणाच्या तरी नावाने खडे फोडता आले असते.

आम्ही काशीतले मराठी. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत घर. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदान, अस्थिविसर्जन करतात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि दारात उभं राहून बोलायचं झालं तर दोन्हींची खिचडी. बाबांनी आम्हा दोघांना मंत्र शिकवले, पण आमची गती यथातथाच. दादाने मात्र कुठून कुठून सुटे भाग जमवून एक कॉम्प्युटर उभा केला आणि मला त्याच्यासमोर बसवलं. माऊस मुद्दाम काढून ठेवायचा. समोर काळा पडदा आणि त्यावर उघडझाप करणारी एक बारीकशी रेघ.

"माऊस म्हणजे दुकानात जाऊन बोट दाखवणं," दादा म्हणायचा. "वो वाला, वो वाला. त्यापेक्षा नाव घेऊन माग ना. नाव घेऊन मागितलं की बिल्कुल तेच मिळतं."

मी टाइप करायचो, एखादं अक्षर हमखास चुकायचं आणि डोक्यात टपली बसायची. ती टपली परत मिळणार असेल तर मी आजही मुद्दाम चुकेन.

त्याच काळ्या पडद्यावर आता माझं पोट चालतं. मी एका संस्थेत आहे. तिथे जुन्या पोथ्यांची पानं छायाचित्रं काढून साठवून ठेवतात. ती साठवण सांभाळायची, हे माझं काम. एका थंडगार खोलीत तीन मोठी यंत्रं आहेत, प्रत्येकाच्या पोटात डझनभर डिस्क, आणि तिघं मिळून एक कुटुंब. त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो. आत टाकलेल्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती होतात, तिघांकडे एकेक. एखादी डिस्क मेली तर बाकीचे कुणाला न सांगता तिच्या वाटच्या प्रती पुन्हा तयार करून घेतात. मी सकाळी खुर्चीवर टेकलो की दोन शब्दांचा हुकूम टाइप करतो. त्याचा अर्थ, तब्येत कशी आहे? उत्तर येतं, ठीक. हे उत्तर आलं की मी चहाला जातो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि माझ्या असण्याची संस्थेत फारशी कुणाला खबर नव्हती. माझ्या धंद्यात ही मोठी शाबासकी समजतात.

मग मागच्या वर्षीची विश्वकर्मा पूजा आली.

त्या दिवशी काशीत यंत्र चालवत नाहीत. लेथ थांबतो, छापखाना थांबतो, गॅरेजमधले पाने धुऊन पुसून फुलांच्या शेजारी मांडतात. आमच्या खोलीला दरवर्षी त्यातून सूट असे. दाराला एक हार घालायचा आणि पुढे जायचं. पण त्या वर्षी वीज विभागात नवे मिस्त्री आले होते, मोठे भाविक आणि कामाला चोख. त्यांना ती सूट अन्याय वाटली. सगळं बंद केलं तर साहेब लोक ओरडतील, म्हणून त्यांनी खोली उघडून फक्त एक यंत्र बंद केलं, पुसलं, कुंकू लावलं, हार घातला आणि समोर लाडू ठेवला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर हात जोडून म्हणाले, "भइया, साल में एक दिन तो इनको भी आराम मिलना चाहिए." मी चिडायला तोंड उघडलं आणि त्यांनी त्यात तोच लाडू घातला.

पंचाईत अशी की दुसरं यंत्र आधीपासूनच दुरुस्तीला गेलं होतं. म्हणजे पूजेचा अख्खा दिवस तिसरं एकटंच राबलं. काम अडू नये म्हणून 'एका प्रतीवरही भागव' असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. आणि सुट्टी असली तरी एका मठात पोथ्यांची छायाचित्रं काढणं चालू होतं, ती तिथून थेट येऊन पडत होती. सकाळी मी हार घातलेलं यंत्र चालू केलं. ते बिचारं जागं होऊन "काल काय काय झालं?" असं तिसऱ्याला विचारत होतं, तेवढ्यात तिसऱ्याची, कालची काही पानं फक्त जिच्यावर होती ती, एक डिस्क बसली. कायमची.

मी तब्येत विचारली. ठीक आलं नाही. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना होती की काही वस्तू 'अनफाउंड' आहेत, म्हणजे सापडत नाहीत.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. क्लस्टर 'हरवलं' असं म्हणत नाही. त्याला माहीत असतं की अमुक वस्तू होती. तिचं नाव माहीत असतं, ती शेवटची कधी बदलली तेही माहीत असतं. फक्त ती आत्ता कुणाकडे आहे ते कळत नाही. आणि तोवर कुणी ती वस्तू मागितली, तर तो त्याला नाही म्हणत नाही. मागणारा नुसता थांबून राहतो. एखाद्याने पोथीचं पान उघडायला सांगितलं की पडद्यावर चकती फिरत राहते, फिरत राहते. एखाद्या दिवशी कुठलीतरी डिस्क परत येईल आणि म्हणेल, माझ्याकडे आहे, या आशेवर.

मी त्या पिवळ्या अक्षरांकडे बघत राहिलो आणि मला आईचा चष्मा आठवला.

आमच्या विभागप्रमुख बाई समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या, "पोथियाँ तो मठ में ही हैं, दुबारा फोटो ले लेंगे. आप बस लॉस्ट घोषित कर दीजिए, काम रुका पड़ा है." बरोबरच होतं त्यांचं. त्यासाठी हुकूमही तयार असतो. तो दिला की क्लस्टर वाट बघणं सोडतो, जुनी प्रत असेल तर तिच्यावर समाधान मानतो, नसेल तर ती वस्तू कधी नव्हतीच असं धरून चालतो. मी म्हटलं, मेलेली डिस्क आधी दिल्लीला पाठवू, तिथे उघडून बघतात. बाईंनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण पाठवू दिली.

घरी त्याच सुमारास बाबांनी विषय काढला. पितृपक्ष तोंडावर होता. त्या पंधरवड्यात बाबांना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून बोलायचं ते आधीच बोलायला हवं होतं.

"बारा वर्षं झाली," बाबा म्हणाले. "आता पालाशविधी करायला हवा."

हा विधी आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. त्यानंतर तो पितरांत जातो, त्याच्या नावाने पाणी सोडता येतं. बाबांनी लोकांसाठी हे कितीतरी वेळा केलंय. कुणाचा नवरा नर्मदा परिक्रमेत गेलेला, कुणाचा भाऊ मेळ्यात चुकलेला. घरच्या तर्पणात बाबा एकेका नावाने पाणी सोडत जातात आणि दादाचं स्मरण आलं की हात तसाच राहतो. जिवंतांत धरावं तर समोर नाही, पितरांत धरावं तर विधी नाही. मी लहानपणापासून बाबांचे हात बघत आलोय. ते थांबलेले मला सहन होत नाहीत.

आई भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

"लोकांची पोरं जाळा हो पानांची," ती म्हणाली. "माझ्या पोराला हात लावायचा नाही."

"अगं, त्याची गती अडून राहते."

"राहू दे. बारा वर्षं माझीही राहिलीच आहे."

एरवी बाबा शास्त्रार्थात कुणाला हार जात नाहीत. त्या दिवशी उपरणं खांद्यावर टाकून घाटावर निघून गेले. जाताना मला म्हणाले, "बसावं तुलाच लागेल. मोठ्याचं धाकट्याने करायचं असतं." धाकटा कसला! तो इटारसीला उतरला त्या वयाला मी केव्हाच मागे टाकून आलो होतो. माझ्या कानशिलांवर पांढरे केस दिसायला लागले होते आणि तो आमच्या मनात अजून तसाच, काळ्याभोर केसांचा, पाण्याची बाटली हातात घेऊन उभा. दादा, निदान म्हातारा व्हायला तरी ये, असं मला त्या दिवसांत फार वाटायचं.

मग असं झालं की बाई रोज मला विचारायच्या, "कर दिया?" आणि बाबा रोज नजरेने तेच विचारायचे. आई काहीच विचारायची नाही, ते सगळ्यात जड जायचं. मी दोन्हीकडे दिल्लीचं नाव सांगून वेळ काढत होतो. घरी दिल्लीचा काय संबंध होता देव जाणे, पण बाबा "हां, हां" म्हणायचे.

दिल्लीहून डिस्क परत आली. आत काही उरलं नव्हतं.

मी हुकूम देण्याआधी त्याबद्दलची माहितीपुस्तिका पुन्हा वाचायला घेतली. सगळी पाठ होती मला, तरी वाचली. आमच्या क्लस्टरची एक खोड आहे. एखादा मोठा साठा पुसायचा असेल तर तो 'होय, मला खरंच खरंच हेच करायचं आहे' असं लांबलचक वाक्य टाइप करायला लावतो, त्याशिवाय ऐकत नाही. 'हरवलं' म्हणायला मात्र असलं काही लागत नाही. एक ओळ टाइप करायची की झालं. आणि एकदा म्हटलं की म्हटलं. उद्या कुठून खरोखरच ती डिस्क धडधाकट होऊन आली आणि म्हणाली की ही बघा तुमची वस्तू, तरी क्लस्टर तिच्याकडची प्रत घेत नाही. तुझं खातं आम्ही बंद केलं, असंच जवळपास सांगतो आणि ती पुसून टाकतो.

इथे माझं बोट अडलं. पोथीच्या पानांचं मला काही नव्हतं, ती परत मिळणार होती. पण परत आलेल्याला घेत नाहीत, हे मला वाचवेना. मी पडदा तसाच ठेवून घरी आलो.

बाबा नुकतेच घाटावरून आले होते. पूर ओसरला होता, पायऱ्यांवर गाळाचे थर होते आणि त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलं होतं. आई पोळ्या लाटत होती. मी पाटावर बसण्याआधीच विचारलं, "बाबा, विधी केल्यावर माणूस परत आला तर?"

लाटणं थांबलं.

बाबा पाय धूत होते. त्यांनी यजमानांशी बोलताना लावतात तो आवाज लावला. दुसरा बहुतेक त्यांना सापडला नसावा. "त्याचंही सांगून ठेवलंय. आला तर त्याला तसाच घरात घेत नाहीत. घागर भरून तूप घ्यायचं, त्याला तुपाने न्हाऊ घालायचं. मग तो नव्याने जन्मला असं धरायचं. जातकर्म, बारसं, मुंज, सगळं परत पहिल्यापासून."

"तुम्ही केलंय कधी?"

"नाही. कुणी आलंच नाही." बाबांनी पाय पुसले. मग म्हणाले, "पण सांगून ठेवलंय म्हणजे कधीतरी, कुणाकडे तरी आलं असणार ना. उगाच कोण कशाला सांगेल?"

हे मात्र यजमानांच्या आवाजात नव्हतं.

"मला का नाही सांगितलं इतकी वर्षं?" आई म्हणाली.

"तू ऐकलंस कधी? विधी म्हटलं की उठून जातेस."

आईने पोळी तव्यावर टाकली. ती फुगली, उलटली, तरी आई तिच्याकडे बघत नव्हती. करपल्याचा वास यायला लागला.

"घागरभर म्हणजे किती?" तिने विचारलं.

"घागरभर म्हणजे घागरभर. एक मोठी घागर."

"नाही भागायचं," आई म्हणाली. "तो उंच आहे."

बाबा भिंतीकडे तोंड करून उपरण्याने बराच वेळ हात पुसत राहिले. मी करपलेली पोळी खाल्ली. कुणी काही ठरवलं नाही, पण सकाळी दूधवाला आला तेव्हा आईने त्याला विचारलं की गायीचं दूध आणखी किती देऊ शकशील, आणि आम्हा दोघांना कळलं की ठरलं.

त्याच दिवशी मी ऑफिसात गेलो आणि ती ओळ टाइप केली. एकही अक्षर चुकलं नाही. एंटर दाबलं, पिवळी अक्षरं गेली, तब्येत विचारली तर उत्तर आलं, ठीक. बाई म्हणाल्या, "चलिए, हो गया." मी हो म्हटलं, बाहेर जिन्यात गेलो आणि रडलो. दादानेच शिकवली होती मला ही भाषा. तिच्यात आता त्याच्या बाजूने बोलायला एक शब्दही नव्हता, आणि बाबांच्या त्या जुन्यापुराण्या भाषेत मात्र होता.

विधी आम्ही सर्वपित्रीच्या आधी केला. खालच्या पायऱ्या गाळात होत्या, म्हणून वरच्या एका कोरड्या पायरीवर बसलो. पळसाची पानं बाबांनी स्वतः मांडली. हात, छाती, पाय. पाय मांडून झाल्यावर ते थांबले, जरा मागे सरून बघितलं आणि खाली आणखी पानं लावली. नाव उच्चारायची वेळ आली तेव्हा बाबांचा आवाज गेला. इतक्या लोकांची नावं ज्यांनी न चुकता उच्चारली, त्यांना ते एक म्हणता येईना. मी म्हटलं ते. बाबांची वाट न बघता, मोठ्याने, स्पष्ट. नाव घेऊन मागितलं की बिल्कुल तेच मिळतं. पानं ओलसर होती, धूर फार झाला, त्यामुळे कोण कशाने रडतंय हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

आई घाटावर आली नव्हती. आम्ही स्नान करून परत आलो तेव्हा घरभर लोणी कढल्याचा वास होता.

आता बाबांचे हात तर्पणात थांबत नाहीत. दादाचं नाव आलं की पाणी पडतं. मला त्याची अजून सवय झालेली नाही, पण बाबांना रात्री झोप लागते, हे मी बघतो. नंबर मी अजूनही भरतो. बाबांनी एकदा विचारून पाहिलं, आता कशाला? तर आई म्हणाली, "आल्यावर फोन नको का त्याला?"

आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पितळेची घागर आहे. ती भरली, मग तिच्या शेजारी दुसरी आली. दर काही महिन्यांनी आई जुनं तूप उतरवून वापरायला काढते आणि नवं कढवून भरते, कारण येईल तेव्हा त्याला खवट तुपाने कसं न्हाऊ घालायचं? वापरायला काढलेलं संपलं की आम्हाला पोळी कोरडी. परवा मी फळीकडे बोट दाखवून म्हटलं, आई, एवढं तूप आहे घरात, चमचाभर वाढ की.

तिने फळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते तुझं नाही," ती म्हणाली.